एका घासाला तीन ओळी

५ जानेवारी

ताई,

नमस्कार. बसूनच करतोय, कारण ताटावर बसलं की जागेवरून हलायचं नाही असा हुकूम आहे. कागदावर डाग दिसले तर ते दह्याचे समज.

ऑपरेशनला आज बरोबर तीन महिने झाले. पोटाचा मोठा भाग कापून काढलाय आणि उरलंय ते एवढंसं, त्यात काय भरायचं याचा हिशेब आता आहाराच्या बाई ठेवतात. घास बोटाच्या पेराएवढा. तो तीस वेळा चावायचा, चमचा खाली ठेवायचा, मग पुढचा. जेवताना पाणी प्यायचं नाही आणि बोलायचंही नाही. हे शेवटचं ऐकून बायको हसली. लग्नाला अठरा वर्षं झाली, तिला इतक्या मनापासून हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

पण चमचा खाली ठेवला की माझा हात त्याच्याकडेच परत जातो, खोड जात नाही. म्हणून ही युक्ती काढली. चमचा खाली, पेन वर. चावून होईपर्यंत तुला लिहायचं. फोन करून उपयोग नसतोच, तुझ्या कवळ्यांच्या कारखान्यातल्या त्या दात घासायच्या मशीनमुळे तुला माझं अर्धंच ऐकू येतं.

आता मुद्द्याचं. वजनापायी आगीच्या बंबावरून मला उतरवून दोन वर्षं झाली. एकोणीस वर्षं आग विझवली आणि आता फोनच्या खोलीत बसतो, पत्ता लिहून घेतो, घंटेचं बटण दाबतो आणि बाकीच्यांना पळताना बघतो. तीस एप्रिलला चाचणी आहे. पाण्याचा पाइप खांद्यावर घेऊन सहा मजले चढायचे, आणि डॉक्टरची चिठ्ठी द्यायची की आधीच्या महिन्यात एकदाही उलटी झालेली नाही. जमलं तर बंबावर, नाही तर निवृत्तीपर्यंत फोन. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, या वयात दुसरी संधी मिळत नाही.

अकरा घास झाले, पोट भरलं. आणि बाई म्हणतात की पोट भरलं की तिथल्या तिथे थांबायचं, मग हातात काहीही असो, म्हणून मी

ढोल्या


१४ जानेवारी

चि. ढोल्या,

अर्धं वाक्य टाकून उठलास. बाबा असते तर ते पूर्ण केल्याशिवाय तुला ताटावरून उठू दिलं नसतं.

अकरा घास म्हणतोस आणि ओळी मोजल्या तर तेहतीस. एका घासाला एक ओळ धरली तर बावीस घास तू चोरून खाल्लेस. हे असंच चालू असेल तर पोट कशाला कापून घेतलंस, खिसेच कापायचे होते.

मी बावीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवतेय. माणसं तोंडाने काय वाटेल ते सांगतात. रोज गाजर खातो म्हणतात, दोन्ही बाजूंनी चावतो म्हणतात. दातांना खोटं बोलता येत नाही. म्हणून सोबत गुलाबी मेणाची पट्टी पाठवतेय. कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेव, दातांत धर, एकदा घट्ट चाव आणि परत पाठव. मेण आहे. खायचं नाही.

वजन किती उतरलं ते लिहिलंच नाहीस. तुला आता ढोल्या म्हणायचं की दुसरं नाव शोधायचं?

ताई


२३ जानेवारी

ताई,

बावीस घास चोरले नाहीत. एक घास तीस वेळा चावायला किती वेळ लागतो ते तू स्वतः करून बघ. तेवढ्यात माझ्या तीन ओळी होतात. एका घासाला तीन ओळी असा भाव धर आणि तेहतीसला तीनाने भाग.

एकतीस किलो उतरले. नाव तेच राहू दे, एवढ्या वर्षांची सवय आहे.

मेण सोबत आहे. चव वाईट नाही, पण पोत जरा चिवट आहे.

आता एक गोष्ट न हसता वाच. या आठवड्यात दोनदा उलटी झाली. कारण पदार्थ नाही, घंटा. आमच्याकडे घंटा वाजली की तोंडात असेल ते गिळायचं आणि पळायचं, ही एकोणीस वर्षांची सवय. आता मी पळत नाही, पण गिळतो. माझी जेवायची वेळ झाली की दुसरा माणूस फोनवर बसतो, तो बटण दाबतो, आणि शेजारच्या खोलीत माझ्या घशाखाली आख्खा घास जातो. मग तो अडकतो. छातीत दुखतं, तोंडाला फेस येतो आणि अर्धा तास बेसिनला धरून उभं राहावं लागतं. परवा घरी दाराची घंटा वाजली तेव्हाही हेच झालं. बाहेर फक्त इस्त्रीवाला होता.

चिठ्ठीतला महिना तीस मार्चपासून मोजतील. त्याआधी ही घंटा घशातून काढायला हवी. काही सुचत असेल तर कळव.

ढोल्या


२ फेब्रुवारी

चि. ढोल्या,

तुझं मेण बघितलं आणि कामाच्या टेबलावर डोकं टेकवून हसले. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाच्या दाढा झिजलेल्या असतात. तुझ्या दाढांचे कंगोरे जसेच्या तसे आहेत, पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या कपबशीसारखे. पुढच्या दातांनी तोडायचं आणि ढकलून द्यायचं, एवढंच तू आयुष्यभर केलंस. वापर त्या. देवाने दिल्या आहेत, शोभेला नाहीत.

आधी मऊ अंड्यावर सराव कर, मग माशावर. डोळे मिटून चाव. मोठ्याने मोजू नकोस, बायको घर सोडून जाईल.

घंटेचं फार मनावर घेऊ नकोस. जाईल आपोआप.

ताई


१३ फेब्रुवारी

ताई,

अंड्याचं एक पान लिहिलंस आणि घंटेची दीड ओळ. इकडे माझा जीव घंटेत अडकलाय.

सगळं करून झालं. दाराच्या घंटेची तार काढली, तर आता लोक दार बडवतात आणि त्याने समोरच्या घरातलं तान्हं मूल उठतं. फोनला पक्ष्याचा आवाज लावला, तर तो नेमका कुठून येतोय हे शोधत बायको बाल्कनीत फिरत होती. कानात कापूस घालून जेवलो तर साहेब मागून येऊन काय बोलून गेले ते कळलंच नाही. मी सगळ्याला मान डोलावली होती. रविवारी त्यांच्या घरचं कपाट सरकवायला मी जायचं ठरलं होतं म्हणे.

पण खरी गंमत पुढे आहे. काल घरी खिडकीजवळ बसून उकडलेला बटाटा खात होतो. खालून एक मुलगी सायकलवरून गेली आणि तिने दोनदा घंटी वाजवली. आख्खा तुकडा घशाखाली गेला. मग बेसिन. ताई, आमची घंटा विजेची आहे, कर्कश, भिंत हलवणारी. सायकलच्या ट्रिंग ट्रिंगला मी का घाबरावं? आणि आणखी एक. बायको म्हणते की घंटी वाजताच माझा डावा हात पुढे गेला, शेजारचं ताट ओढावं तसा. शेजारी कोणी नव्हतं. मला काहीच आठवत नाही. तू माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, तुला काही आठवतं का?

आणि हो, फार दात दाखवलेस माझे. आता तुझ्याही मेणाची पट्टी पाठव. दुसऱ्यांना कवळ्या देणारी स्वतः कशी चावते ते बघू दे.

ढोल्या


२६ फेब्रुवारी

चि. ढोल्या,

उत्तराला उशीर झाला, काम फार होतं. प्लास्टर चांगलं येत नाही हल्ली, साचे तडकतात. खिडकीची जाळी बदलून घेतली. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आले, त्यांना कवळीत पुढच्या दोन दातांमध्ये फट हवी होती. जुन्या दातांत होती म्हणे, आणि फट नसेल तर बायको ओळखणार नाही. मी म्हटलं, चाळीस वर्षांच्या संसारानंतर फटीवरून ओळखते का? ते म्हणाले, भांडताना ती तिकडेच बघते. फट ठेवून दिली. तीनदा घासून बघितली, तेव्हा त्यांचं समाधान झालं.

सायकलचं म्हणशील तर मला काही आठवत नाही. लहानपणी मी सारखी आजारीच असायचे.

मागितलीस म्हणून माझी पट्टी पाठवतेय. बघ आणि गप्प बस.

ताई


८ मार्च

ताई,

बघितली. गप्प बसत नाही.

तुझ्या पुढच्या वरच्या दाताचा कपचा उडालेला आहे. मला चांगलं माहीत आहे, कारण तो मी उडवला. मोरीत मी तुला ढकललं, तू नळाच्या तोटीवर आपटलीस. मी सात वर्षांचा होतो आणि पुढचे तीन दिवस पलंगाखाली राहायला तयार होतो. या मेणात तो दात आख्खा आहे. बाकीचे दातही इतके सरळ आहेत की आपल्या घराण्यात असे कोणाचे झाले नाहीत. तू तुझ्या फळीवरची एक कवळी उचललीस आणि मेणात दाबलीस. दातांना खोटं बोलता येत नाही म्हणालीस, म्हणून तू दुसऱ्याचे दात बोलायला पाठवलेस.

हसू आलं, पण मग विचार आला. ही असं का करेल? घंटेचं विचारलं की तुझं पत्र एकदम बारीक होतं नाही तर एकदम जाळीवर आणि प्लास्टरवर जातं. ताई, काय आहे ते सांग. बावीस दिवस राहिलेत. कालही उलटी झाली. बंबाखेरीज मला दुसरं काही येत नाही.

ढोल्या


१४ मार्च

चि. ढोल्या,

तुझं पत्र तीन दिवस मेणाच्या डब्याखाली ठेवलं होतं. आज लिहिते.

तू पाच वर्षांचा आणि मी आठ. दुपारी आई आपल्याला वाढून मोरीत भांडी घासायला जायची. ताट स्वच्छ हवं, ही बाबांची शिस्त. मला अन्न जायचंच नाही. घास तोंडात घेतला की फिरत राहायचा. तू माझ्या उजवीकडे बसायचास. बाबा गल्लीच्या कोपऱ्यावर आले की सायकलची घंटी दोनदा वाजवायचे. ती वाजली की मी माझं ताट तुझ्याकडे सरकवायचे, तू डाव्या हाताने ओढून घ्यायचास, आणि ते सायकल लावून आत येईपर्यंत सगळं गिळून टाकायचास. चावायला वेळच नसायचा. मी सांगायचे, चावू नकोस, लवकर.

बाबा आत येऊन दोन स्वच्छ ताटं बघायचे. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायचे, ताई बघ कशी शहाण्यासारखी जेवते. आणि तुला म्हणायचे, हा बघ किती फुगलाय, हावरट कुठला. तू तोंड पुसून गप्प उभा राहायचास. एकदाही माझं नाव सांगितलं नाहीस. मीही सांगितलं नाही. चार वर्षं हे चाललं. ढोल्या हे नावसुद्धा मीच ठेवलं, माझ्याच वाट्याचं जेवून तू झालास त्याचं.

घंटा वाजली की गिळायचं, हे तुला अग्निशमन दलाने शिकवलं नाही. मी शिकवलं. तू पहिल्या पत्रात आहाराच्या बाईंचं लिहिलंस तेव्हाच मला धसका बसला होता. दुसऱ्यात घंटेचं आलं आणि मी काय ते समजले. मला लाज वाटली, म्हणून अंड्याचं लिहिलं.

आणि मेण. माझं खरं मेण बघितलं असतंस तर तुला कळलं असतं की माझ्याही दाढा कपबशीच आहेत. मी अजूनही जेवत नाही रे. चहात बुडवलेलं बिस्किट, तेही कामाच्या टेबलाशी उभ्याने. आपल्या घरात दोघांच्या मिळून दातांच्या चार रांगा, आणि चावलं कोणीच नाही.

मला माफ कर. तू बंबावर गेला नाहीस तर ते माझ्यामुळे.

ताई


२० मार्च

ताई,

मी एक दिवस रागावलो होतो. नऊ घासांचा राग. मग बायकोला पत्र वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, म्हणजे आजवर मी ज्या माणसाला जेवू घातलं त्याच्या मागे एक नणंदही जेवत होती, उगाच नाही डबे पुरत नव्हते. आणि राग गेला.

तू एक गोष्ट विसरलीस. तू ताट सरकवताना दर वेळी म्हणायचीस, जो जास्त खातो तोच मोठेपणी बंब चालवतो. मला ते आत्ता आठवलं. मला वाटायचं मी बंब चालवावा म्हणून तू उपाशी राहतेस. मी शाळेत मुलांना सांगायचो, माझी ताई मला तिचं जेवण देते. हावरट म्हटल्याचं मला काही वाटायचं नाही, कारण खरं काय ते मला माहीत होतं. आता कळलं की मला काहीच माहीत नव्हतं, पण बंब तर मी चालवलाच ना.

आता उपाय. बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, सोपं आहे, घंटा वाजली की घास रुमालात काढायचा, ताटाच्या कडेला ठेवायचा आणि जायचं. ताई, मला ते होत नाही. काल तीनदा बायकोने चमच्याने पेला वाजवून सराव घेतला. हात तोंडापर्यंत जातो आणि बाबा दिसतात. ताटात टाकायचं नाही. बाबा जाऊन बारा वर्षं झाली आणि मी अजून त्यांच्यासाठी गिळतो.

आता घरात मोठी तू. परवानगी तूच देऊ शकतेस. लेखी दे, सहीनिशी.

पण फुकट नको. माझी अट अशी की तू रोज एकदा खाली बसून जेवायचं, पूर्ण ताट, एका घासाला तीन ओळी. उभ्याने लिहिलेलं अक्षर मला ओळखू येतं.

ढोल्या


२५ मार्च

हुकूम

मी, खाली सही करणारी, बाबांच्या पश्चात या घरातली थोरली, माझ्या धाकट्या भावास परवानगी देते की घंटा वाजल्यास, मग ती बंबाची असो, दाराची असो वा सायकलची, त्याने तोंडातला घास बाहेर काढावा, ताटात ठेवावा आणि उठावं. त्याला कोणी हावरट, ढोल्या वा अन्य काही म्हटल्यास ते माझ्या नावावर लिहावं. बाबांनी विचारलं तर सांगावं की ताई म्हणाली. एवढी वर्षं तू माझं नाव लपवलंस, आता घे.

ही आज्ञा तुझ्या आयुष्यभर चालू राहील. कागद जेवायच्या टेबलासमोर भिंतीला लावावा.

अट मान्य. आज बसून जेवले. चार घास, बारा ओळी. बाकी उरलं ते झाकून ठेवलंय. सुरुवात आहे.

ताई


६ मे

ताई,

आज ताटासमोर बसून लिहितोय, पण घरी नाही, केंद्रात. बाहेर बंब उभा आहे आणि त्याच्या डाव्या पुढच्या दाराला माझं शिरस्त्राण टांगलेलं आहे.

सहा मजले चढलो. पाचव्यावर पाय म्हणाले पुरे, सहाव्यावर साहेब घड्याळ बघत उभे होते म्हणून पाय पुढे गेले. डॉक्टरची चिठ्ठी स्वच्छ. एकतीस दिवस, एकही उलटी नाही. तुझा हुकूम भिंतीला आहे. येणारे जाणारे वाचतात, इस्त्रीवाल्याने त्याच्या आईसाठी नक्कल मागितली.

पहिल्या आठवड्यात बायकोने पेला वाजवून वाजवून एक फोडला. मग जमलं. गणवेशाची पँट तिने दोन्ही बाजूंनी इतकी आत घेतलीय की खिसे मागे भेटतात.

आज ताटात मासा आहे, सात घास झालेत, आणि तुला सांगायचं म्हणजे गाडीवर परत बसल्यावर पहिल्यांदा जेव्हा


७ मे

कालचं वाक्य आज पुढे लिहितो. घंटा वाजली होती.

घास काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि गेलो. शिंप्यांच्या दुकानावरच्या माळ्याला आग होती. कोणाला काही झालं नाही, थोडं कापड जळालं. अडीच तासांनी परत आलो. ताट तसंच होतं, कडेला घास तसाच. मी समोर उभा राहून बराच वेळ बघत होतो. बाकीचे थट्टा करत होते की भाऊसाहेब घासाला मानवंदना देतायत. मग ताट उचललं, घास कचऱ्यात टाकला आणि ताट धुतलं.

सरावात काढलेला घास मी परत तोंडात टाकायचो. आयुष्यात पहिल्यांदा ताटात टाकलं, ताई. काही झालं नाही. आकाश पडलं नाही. मी रडलो मात्र, पण डोळ्यांत धूर गेलेला होता, कोणाला कळलं नाही.

ढोल्या


१२ मे

चि. भावा,

तुझं पत्र समोर ठेवून जेवायला बसले आहे. भात, मासा, उकडलेली भाजी. वाढताना हात आखडला नाही.

सोबत मेणाची पट्टी आहे, या वेळी माझीच. पुढचा कपचा बघून घे, तुझ्या हातचं काम आहे. दाढांचे कंगोरेही बघ, अजून कपबशीच आहेत, पण एका बाजूला किंचित खरचटलंय. मी भिंगाखाली बघितलं आणि उगाच खूश झाले.

ते फट ठेवलेले गृहस्थ परवा पुन्हा आले होते. बायकोने ओळखलं, भांडण झालं, सगळं व्यवस्थित आहे.

पंधरा घास झाले. ओळी मोजू नकोस, मधे मी नुसती चावत बसले होते.

आत्ता खालून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. माझा हात ताटाला लागला आणि ताट उजवीकडे सरकलं, मला कळायच्या आत. उजवीकडे तुझं पत्र होतं, ते भाताने भरलं. मग ताट परत ओढून घेतलं. दोन घास राहिले आहेत. ते माझे आहेत, सावकाश खाते आणि मग पाकीट बंद करते.

ताई